तिसरा तोडा

तोडलेली अळंबी धुवायची नाही. फडक्याने पुसायची, कागदी पिशवीत घालायची आणि फ्रीजमध्ये ठेवायची. प्लॅस्टिकमध्ये कोंडली की तिला घाम सुटतो आणि ती बुळबुळीत होते. हे मला माझ्या पोराने शिकवलं. माझी अर्धी हयात चुलीपुढे गेली, तरी मला शिकवायचा. मी म्हणायचे, "शिकव बाबा आईला स्वयंपाक, तेवढंच राहिलं होतं."

त्याला हे वेड कुठून लागलं देव जाणे. नोकरी औषधांच्या गोदामात, आणि सुट्टीच्या दिवशी हा भुसा भिजवत बसायचा. जिन्याखालच्या अडगळीत त्याने भुशाची एक भलीमोठी पिशवी टांगली, तिला भोकं पाडली आणि त्या भोकांतून अळंबी उगवली. "आई, एका पिशवीला तीनच तोडे," तो म्हणाला होता. "तिसरा काढला की भुशातला जीव संपला." पहिला तोडा त्यानेच काढला, त्यानेच परतला आणि आम्हा दोघांना बसवून वाढला. त्याच आठवड्यात कामावरून येताना त्याच्या सायकलला ट्रकने उडवलं.

पिशवीला काय कळणार? दुसरा तोडा आला तेव्हा घरात अजून भेटायला माणसं येत होती. माझी नणंद म्हणाली, "वहिनी, ते काढून टाका आता. बघवत नाही." बोलायला काय जातं! मी म्हटलं, "बघवत नसेल तर तिकडे जाऊ नका."

तो तोडा मी एकटीने संपवला. कोवळी होती ती आधी खाल्ली. उरलेली तेलावर परतून, थंड करून फ्रीझरमध्ये ठेवली आणि पुरवून पुरवून खाल्ली, कारण कच्ची गोठवली तर नंतर नुसतं पाणी सुटतं. चिवट देठ उकळून त्यांचं सार केलं. पोराचं एक देठसुद्धा मी वाया जाऊ दिलं नाही. यांनी मात्र बोट लावलं नाही. हे बस चालवतात, पहाटे जातात, दुपारी येतात. ताट पुढे केलं की अळंबी तेवढी कडेला सारायचे. माझं डोकं फिरायचं, मी भांडी आपटायचे. पोरगा काय माझ्या एकटीचा होता? पण तसं तोंडावर म्हटलं नाही, कारण आमच्यात बोलणंच उरलं नव्हतं. भांडण नव्हतं, नुसतं बोलणं आटलं होतं.

मग तिसऱ्या तोड्याचे कोंब आले, टाचणीच्या डोक्याएवढे. हा मी खाणार नव्हते. हा कडकडीत वाळवायचा, घट्ट झाकणाच्या बरणीत भरायचा आणि मरेपर्यंत जवळ ठेवायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. बरणी धुऊन उन्हात घातलीसुद्धा. कोंबांना रोज थोडा ओलावा लागतो, म्हणून हे गेले की मी त्याच्या फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारायचे.

अळंबी वाढली, पण रंग काही बरा दिसेना. पिवळट पडायला लागली. पिशवीखाली थेंब ठिबकत होते. मला वाटलं, हवाच दमट आहे. एका पहाटे जाग आली आणि जिन्याखाली दिवा दिसला. जाऊन बघते तर हे वर्दी चढवून पिशवीपुढे उभे, हातात ती बाटली.

"काय करताय?"

"पाणी मारतोय," हे म्हणाले. "रोज मारून जातो. तुझं कशात लक्ष नसतं हल्ली. सुकून गेली तर?"

"अहो, मी पण मारते. रोज."

यांनी बाटली खाली ठेवली. जीव लावून लावून आम्ही दोघांनी ती बुडवली होती, आणि एकमेकांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. हे जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. "माझ्यामुळे गेली," म्हणाले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण आधी रडूच फुटलं.

सडलेली काढून टाकली. धड अशी वाटीभर निघाली, पण दाबली की पाणी निथळत होतं.

"बरणीत भरायची होती ना?" यांनी विचारलं. म्हणजे बरणी यांनी पाहिली होती.

"अशी वाळत नाही. वाळायच्या आत कुजेल. आज खाल्ली नाही तर उद्या फेकावी लागेल. आणि त्याचं काही फेकायचं नाही मला."

यांनी डेपोत फोन केला, येत नाही म्हणून कळवलं. मी मोठ्या आचेवर अळंबी टाकली. पाणी आटेपर्यंत दोघंही चुलीपाशी उभे होतो. मग एकाच ताटलीत घेऊन बसलो. हे खात होते आणि यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण खायचं थांबले नाहीत.

"मीठ कमी आहे," म्हणाले.

"घ्या की वरून."

शेवटचा तुकडा यांनी माझ्याकडे सरकवला. मी परत यांच्याकडे सरकवला. तो थंड झाला तरी कुणी उचलेना. शेवटी यांनी चमच्याने त्याचे दोन केले. माझा अर्धा मी चावत राहिले, चव गेली तरी चावत राहिले, कारण गिळला की पोराच्या हातचं घरात काहीच उरणार नव्हतं.