मोठ्या सिस्टरांची मान

झबल्याची नाडी बांधताना मोठ्या सिस्टरांची बोटं अडखळली. दुसऱ्यांदाही गाठ बसेना, तेव्हा त्यांनी बाळ शेजारच्या सिस्टरच्या हाती दिलं आणि तडक मेट्रनची खोली गाठली. हात बधिर होतायत, आजपासून मी बाळ उचलणार नाही, असं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. नवजात बाळांच्या खोलीत त्यांची हयात गेली होती. दुसऱ्या कुणी येऊन सांगेपर्यंत वाट बघणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

तपासण्या झाल्या. सर्जनने आडपडदा ठेवला नाही. मानेच्या मणक्यांना आतून जोडणारी पट्टी हाडासारखी कडक होऊन मज्जारज्जूवर दाबत होती. मान सरळ असती, तर मागून मज्जारज्जूला जागा करून देऊन भागलं असतं. पण ती पुढे झुकलेली. मज्जारज्जू त्या हाडावरच ताणलेला राहिला असता. म्हणजे मान सरळ करून स्क्रूने पक्की बसवायची. हात बरेचसे सुधारतील. मान मात्र पुन्हा खाली वाकणार नाही.

सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, थोडी झुकलेलीच बसवा ना. माझी माणसं पाळण्यात असतात."

"दाब तसाच राहील, सिस्टर. आणि चालताना समोरचं दिसणार नाही ते वेगळंच."

"मग सरळच बसवा. बाळांचं मी बघते."

नवरा बस चालवायचा, बोलायला तिरकस. घरी सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "लग्नात मान खाली घालून उभी होतीस तेवढीच. त्यानंतर कधी पाहिली नाही. तुला काय फरक पडणार?"

त्या हसल्या. तो मात्र हसला नाही. चहा ठेवायला उठून गेला.

ऑपरेशन नीट पार पडलं. हळूहळू बोटांत जीव आला. रजा संपवून परतल्यावर मेट्रनने कचेरीतलं बसकाम देऊ केलं. आधी माझे हात तपासा, मग बोला, असं सिस्टरांनी ऐकवलं. हात तपासले गेले, आणि तो विषय तिथेच मिटला. बाळांना अंघोळ घालायचं टेबलही त्यांनी छातीइतकं उंच करून घेतलं.

पूर्वी पाळण्यांच्या रांगेतून जाताना सगळे चेहरे एका नजरेत दिसत. आता समोर नुसती भिंत होती. पहिल्या पाळण्यापाशी त्या थांबल्या. कठडा धरून गुडघ्यांत वाकल्या, चेहरा दिसेपर्यंत सावकाश खाली गेल्या. बाळ जागं होतं. त्याच्याकडे त्यांनी मनाजोगतं पाहून घेतलं, मग कठड्याला रेटा देत उठल्या आणि पुढच्या पाळण्याकडे वळल्या.