अर्धा गुलाबी पेरू

मंडईत मकबूलभाईंच्या पेरूच्या गाळ्यावर एक रिवाज होता. गिऱ्हाईक आलं की टोपलीतला एक पेरू उचलायचा, त्याच्यासमोर कचकन चावायचा आणि म्हणायचं, "आधी माझ्या दातांना विचारा, मग घ्या!" पुण्यातलं गिऱ्हाईक सख्ख्या भावावर विश्वास ठेवणार नाही, पण मकबूलभाईंच्या दातांवर ठेवायचं.

त्या सकाळी श्यामलाताई आल्या. नेहमीचं गिऱ्हाईक. मकबूलभाईंनी पेरू चावून ऐटीत पुढे धरला, तर चावल्या जागी लालभडक!

"हे काय?" ताईंनी विचारलं.

"गुलाबी पेरू आहे ताई, खास माल." आता निघून गेलं तोंडातून, काय करता!

ताईंनी शांतपणे गाळ्यावरची सुरी उचलली आणि पेरू चिरला. आत पांढराशुभ्र गर. "अर्धा गुलाबी, अर्धा पांढरा. नवीन जात दिसते."

मकबूलभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तराजूपाशी बसलेली त्यांची बायको नसीमबानू मदतीला धावली. "अहो ताई, हिरड्यांतून येतं जरासं. ब्रश लावला की रक्त येतंच की माणसाला. त्यात काय एवढं?"

"मी तर ब्रश सोडूनच दिलाय," मकबूलभाई म्हणाले. "म्हटलं, कटकटच नको."

"वा! केर निघतो म्हणून केरसुणीच फेकून दिलीत." ताईंनी सुरी पुसून ठेवली. "मी दातांची डॉक्टर आहे. कर्वेनगरला दवाखाना आहे माझा. उद्या या."

"इतकी वर्षं पेरू नेताय, कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

मकबूलभाईंनी मनाशी हिशोब मांडला. बाई दात उपटणार, आणि दात गेले की गाळ्याची अब्रू गेली! कवळीने चावलेल्या पेरूवर कोण कुत्रं विश्वास ठेवणार? दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसले ते ओठ घट्ट मिटून.

"तोंड उघडा," ताई म्हणाल्या. "मी नुसती साल बघून माल घेत नाही."

तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या, "दात शाबूत आहेत. पण मुळाशी किटण साठलंय, त्यातल्या जंतूंनी हिरड्या सुजल्यात, म्हणून रक्त. घासायचं सोडलंत, तसं ते आणखी साठलं. बरं, तहान फार लागते का? सारखं लघवीला जावं लागतं?"

"या अल्ला! तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या हिरड्यांनी. रक्तातली साखर तपासून घ्या."

साखर निघाली भरपूर. मकबूलभाई खचलेच. ताईंनी समजावलं, "साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. दोघी एकमेकींना सामील असतात. तोंडाचं दुखणं तोंडातच राहतं, असं समजू नका."

मग किटण काढून झालं, गोळ्या सुरू झाल्या, मऊ ब्रश आला. चिकू बंद, पेरूचा एकच घास. काही महिन्यांनी श्यामलाताई गाळ्यावर आल्या तेव्हा मकबूलभाईंनी छाती फुगवून पेरू चावला. पांढराशुभ्र!

"आज जात सुधारलेली दिसते," ताई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच.

उरलेला पेरू मकबूलभाईंनी नेहमीसारखा बायकोच्या हातात दिला. नसीमबानूने चावला, आणि चटकन पदराआड घेतला. पण ताईंची नजर ती! मकबूलभाईंनी हात पुढे करून पदर बाजूला सारला. चावल्या जागी लाल.

"गुलाबी आहे," नसीमबानू तराजूकडे बघत म्हणाली.

मकबूलभाईंना हसू यायला हवं होतं, पण ते त्या लाल डागाकडे बघत राहिले. माझ्या दातांसाठी एवढी धावपळ झाली, आणि हिने तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की रक्त येतंच. मी एकदा तरी विचारलं का हिला?

त्यांनी टोपल्यांवर ताडपत्री ओढली.

"अहो, वेडे झालात? अजून भवानी व्हायचीय!"

"गेली खड्ड्यात भवानी," मकबूलभाई म्हणाले आणि रिक्षाला हात केला. "ताई, चला. आज हिचे दात बघायचे."