रविवारची दाढी

"हात हलून राह्यला तुहा," डोळे मिटूनच सोमाजी म्हणाला.

"तोंड बंद ठेव. तुह्या जिभेनं हलते," वस्तऱ्यावरचा साबण पुसत गफ्फार खेकसला.

चिमूरच्या बाजारात गफ्फारचे दाढी-कटिंगचे दुकान होते. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हाताला कंप सुटला आणि गिऱ्हाइकांनी एकेक करून पाठ फिरवली. सोमाजी नेमका तेव्हापासून येऊ लागला. लाकूड डेपोवरून निवृत्त झालेला हा बौद्ध म्हातारा दर रविवारी खुर्चीत बसे आणि उठेपर्यंत भांडे. दोघांचे सख्य म्हणजे विळ्याभोपळ्याचे.

भांडण चाळीस वर्षांचे होते. हळदीआधी नवरदेवाची दाढी न्हाव्यानेच करायची, म्हणून सोमाजी आपल्या लग्नात हळदीच्या दिवशी याच दारात उभा राहिला होता. "तुले हात लावला तर बाकीचे उठून जातील," असे म्हणून गफ्फारने दार लावून घेतले. सोमाजीने नदीकाठी बसून स्वतःच दाढी केली आणि कापलेल्या हनुवटीने हळदीला बसला. तो व्रण दर रविवारी गफ्फारच्या डोळ्यांसमोर असे. माफी मागायला मात्र त्याची जीभ कधी रेटली नाही.

वस्तरा सटकला. व्रणाच्या शेजारीच रक्त आले. गफ्फार तुरटी शोधू लागला, तोच त्याचा मुलगा नवाब चहा घेऊन आत आला. "अजून एकाले कापलं तर दुकानाले कुलूप," असे त्याने गेल्याच आठवड्यात बजावले होते. दुकान गेले की आपण घरातली अडगळ, हे गफ्फार ओळखून होता.

"अब्बा! पुन्हा कापलं?"

गफ्फारच्या तोंडचे पाणी पळाले. चाळीस वर्षे वाट पाहिलेला माणूस आता कशाला सोडेल?

सोमाजीने डोळे उघडले. "घरूनच कापून आलो होतो बाप्पा. खपली निघाली. माह्या हातानं कापून घ्याची सवय आहे मले, लग्नापासून. विचार तुह्या बापाले."

नवाबने बापाकडे पाहिले.

"हो," गफ्फार खाली मान घालून म्हणाला. "मले ठाऊक आहे."

चहा ठेवून नवाब निघून गेला. गफ्फारचे डोळे भरून आले.

"सोमाजी, त्या दिवशी मी..."

"चूप! अर्धी दाढी राह्यली माही. हात चालव."

आणि सोमाजीने मान मागे टाकून डोळे मिटले. गफ्फारने डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरले आणि वस्तरा त्याच्या गळ्यावर टेकवला.