पाववाल्याचा भोंगा आणि सुनयनाबाईंचं मशीन

मी झिलू पाववाल्याचा भोंगा. दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही. आज कुणी न दाबताच बोलतोय, तेव्हा तसंच काही कारण असणार असं समजा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यातला, ते आठवत नाही. तरुणपणी मी एका लॉरीवर होतो. रामनगरहून गोव्याला जाताना घाटातल्या वळणावळणाला ओरडायचो. मग मालकाने विजेचा हॉर्न बसवला आणि मला झिलूच्या वडिलांना देऊन टाकलं. त्यांच्या सायकलीवरून मी झिलूच्या मोपेडवर आलो. माझा रबरी फुगा एकदा फाटला, त्यावर पंक्चरचं ठिगळ आहे. तेव्हापासून आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. गिऱ्हाइकं तरी ओळखतात.

इंदुबाईंच्या फाटकाशी आमचा मुक्काम सगळ्यात लांबतो. मी वाजलो की त्या भांडं घेऊन येतात, पाव बोटाने दाबतात, "कालचा न्हवं ना रे?" विचारतात आणि उत्तर न ऐकताच घेतात. खरं काम पुढे असतं. झिलू मूळचा दिग्गीचा, दर रविवारी घरी जातो. इंदुबाईंची धाकटी बहीण तुळजा दिग्गीतच दिलेली. तिथे फोन लागत नाही आणि तो जंगलातला रस्ता आता दोघींच्याही गुडघ्यांना झेपत नाही. म्हणून तिकडचा निरोप झिलूच्या तोंडून येतो, इकडचा त्याच्याच तोंडून जातो. बहुतेक निरोप गुडघ्यांचेच असतात.

अशात सून सुनयनाबाईंनी मोबाइलवर ब्रेड मशीन पाहिलं. पीठ घाला, बटण दाबा, पाव तयार. घ्यावं की न घ्यावं, हाच विषय घरात सुरू झाला. फाटकापर्यंत आलं तेवढं मी ऐकलं.

"घरचं पीठ, घरचा पाव. ह्यात काय घालत्यात कुणाला ठाव?" सुनयनाबाई म्हणाल्या. तेही झिलूसमोर.

"आन् निम्मा भाजल्यावर करंट गेला तर?" त्यांचा नवरा ओंकार म्हणाला. आमच्याकडे पावसाळ्यात करंट जाणं ही बातमी नसते, येणं ही असते.

शेवटी इंदुबाईंना विचारलं. "घ्या की," त्या म्हणाल्या. "माझं काय हाय त्यात?"

मला वाईट वाटलं. रबराला काही वाटत नाही म्हणतात, पण ते दाबणाऱ्यांचं मत.

मशीन आलं. त्याचं खोकं ओसरीवर दिसलं. झिलू भला माणूस. आता ह्यांना पाव नको, उगाच दारात वाजवून लाजवायचं कशाला, म्हणून त्याने मला दाबलंच नाही. मोपेड तशीच पुढे काढली. सोमवार होता, म्हणजे दिग्गीचा निरोप त्याच्याकडे होता. आरशात मला इंदुबाई दिसल्या. फाटकाशी आल्या, हाक मारायला तोंड उघडलं. पण पाव घ्यायचा नाही तर हाक कोणत्या तोंडाने मारायची? तशाच उभ्या राहिल्या. मागे अंगणात सुनयनाबाईंचा झाडू थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सुनयनाबाईच रस्त्यात आडव्या आल्या.

"काल वाजवला न्हाईस का?"

"मशीन आलंय न्हवं, वैनी?"

"मशीन आमच्यासाठी हाय. कुत्र्याला पाव नको व्हय? रोज दोन टाकत जा." मग त्यांनी स्वतःच मला दाबलं, चांगलं जोरात, आणि आत सासूला हाक मारली, "आत्ती, झिलू आलाय! कुत्र्याचं पाव घ्या!"

इंदुबाई भांडं घेऊन जवळजवळ पळतच आल्या. "तुळजीचा गुडघा कसा हाय?" त्यांनी विचारलं. पाव दाबून बघायचं त्या विसरल्या.

त्या घरात कुत्रा नाही. झिलूला माहीत आहे, मलाही. झिलूने मोजून दोन पाव भांड्यात टाकले आणि गुडघ्याचा निरोप सांगितला.

माझं ठिगळ आता सुटत चाललंय, फार दिवस वाजेन असं वाटत नाही. तुमच्याकडेही मशीन येईल, खुशाल येऊ दे. फक्त मी दारात वाजलो तर बाहेर या. कुत्रा नसला तरी चालेल.