आबासाहेबांचा हर्रास

माधवीचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीसचं. माधवी ही पुंजाजीची थोरली नात. सोयरे अकोल्याचे आणि मांडव भातकुलीजवळच्या वाडीत, फुलकोबी काढून मोकळ्या झालेल्या वावरात. सगळं यथासांग पार पडलं. बिघडलं ते शेवटच्या पंगतीत.

पंगतीला रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. गावात कोणाचंही कार्य असो, वांग्याच्या भाजीच्या गंजात मीठ टाकायला पुंजाजीच्या बायकोला, सुंदराबाईला बोलावणं यायचं. चिरणाऱ्या वेगळ्या, ढवळणाऱ्या वेगळ्या, मीठ मात्र तिच्याच मुठीचं. त्या दिवशी अकोल्याच्या व्याह्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि दुसऱ्या घासाऐवजी पाण्याचा गिलास उचलला. पुंजाजीला वाटलं, हसण्यावारी न्यावं. तो भर पंगतीत म्हणाला, "घ्या व्याहीबुवा, पानी घ्या. आमच्या बुढीचा हात आता गेला!"

पंगत खदखदून हसली. सुंदराबाईनं पळी गंजात ठेवली, पदर खोचला आणि आत गेली. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलली नाही.

भाकर वेळेवर मिळायची. अंघोळीचं पाणी तापायचं. धोतर धुऊन दोरीवर असायचं. शब्द तेवढा बंद. पण संसार म्हटला की नवऱ्याला काही ना काही सांगावं लागतंच. सुरुवातीला ती सुनेच्या तोंडून सांगायची. "रागिणी, कोनाले तरी सांग, मोटार बंद करा म्हना." पुंजाजीही तिकडून, "रागिणी, कोनाले तरी सांग, लाईनच गेली आहे म्हना." महिनाभरात रागिणी कातावली. "आत्याबाई, मी या घरची सून हाव का डाकिया?"

मग टीव्हीनं तो भार उचलला.

घरावर फुकटवाली छत्री होती. एकदा बसवली की महिन्याला काही भरायचं काम नाही. तिच्यावर झुंबर नावाची एक वाहिनी दिसायची आणि रोज संध्याकाळी सातला तिच्यावर 'देशमुखांची थोरली' लागायची. त्यात आबासाहेब नावाचे एक म्हातारे झोपाळ्यावर बसून मिशीला पीळ देत आणि त्यांच्या बायकोला, काकीसाहेबांना, सगळं घर छळे. एका संध्याकाळी सुंदराबाई पडद्याकडे बघून म्हणाली, "आबासाहेब, नुसते मिशाच पिळसान का रक्तदाबाची गोळीबी घेसान?"

आबासाहेब झोपाळ्यावर झुलत राहिले. पुंजाजी मात्र मुकाट उठला, गोळी घेतली आणि पडद्यावर रडत असलेल्या काकीसाहेबांना म्हणाला, "घेतली बरं काकीसाहेब. अन् उद्या मेथी काढाची हाय. बाया सांगून ठेवा."

लेकी बोले सुने लागे, ही रीत तर जुनीच. इथे लेक टीव्हीतली होती एवढंच. आबासाहेबांच्या हातून घरात काय काय पार पडलं! शेवंतीची रोपं कोणती आणायची ते ठरलं. म्हैस विकायची नाही हे ठरलं. काकीसाहेबांवर दागिन्यांच्या चोरीचा आळ आला त्या आठवड्यात सुंदराबाईनं आबासाहेबांना बजावलं, "दाढ दुखते तं अमरावतीले जाऊन उपटून या. रात्रभर कन्हता, मानसाले झोप नाही." पुंजाजी जाऊन दाढ काढून आला. बोलणं नव्हतं, पण सगळं बोलणं होत होतं. कधी कधी पुंजाजीला वाटे, पहिल्यापेक्षा आताच जास्त होतं.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसांत, एका संध्याकाळी सात वाजले आणि पडद्यावर आबासाहेब आलेच नाहीत. निळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. रागिणीनं वाचून दाखवलं, "ही वाहिनी आता मोफत नाही."

सुंदराबाईनं हातातली चहाची कपबशी पुंजाजीसमोर ठेवली. काही बोलण्यासाठी पडद्याकडे पाहिलं. पडदा निळा. ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पुंजाजीनं दुसऱ्या वाहिन्या लावून पाहिल्या. बातम्यांवर सुंदराबाईनं एकदा तोंड उघडलं, पण तो बातम्या सांगणारा कोणालाच बोलू देत नव्हता, हिला कुठून देणार? प्रवचनाच्या वाहिनीवर एक महाराज होते, पण महाराजांना 'पाठीले तेल लावून देऊ का' असं कसं विचारावं? कुस्ती लावली तर त्यातल्या गड्यांच्या अंगावर कपडेच नव्हते. तिनं तोंड फिरवलं. रागिणीनं मोबाईलवर आबासाहेबांचे जुने भाग लावून दिले. सुंदराबाईनं डोळे बारीक केले आणि म्हणाली, "या बोटाएवढ्या मानसाशी काय बोलू वो माय?"

घर गप झालं. मोटार चालू आहे की बंद, हे पुंजाजीला विचारायलाही घरात कोणी उरलं नाही. रात्री खोकला आला तरी 'आबासाहेब, लवंग चघळा' म्हणणारं कोणी नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला जेवण जाईना.

पारावर बुधाजी पेपर वाचायचा. बुधाजी म्हणजे पुंजाजीचा जोडीदार, दोघांनी मिळून तीस वर्षं अमरावतीच्या मंडीत भाजी नेलेली.

"आयकलं का गा पुंजाजी? त्या तुया झुंबरवाल्याचं दिवाळं निघालं. सारा माल लिलावात गेला."

पुंजाजीचे कान उभे राहिले. "लिलाव म्हंजे हर्रास?"

"हर्रासच म्हन."

आता हर्रास म्हणजे काय हे पुंजाजीला कोणी शिकवावं? उभा जन्म त्यानं हर्रासात माल लावला होता. पहाटे चांगले ढीग चढ्या भावानं उठतात. ऊन चढलं की आडत्याचा आवाज बसतो आणि उरलेसुरले ढीग कोणी मागेल त्या भावात जातात. मुंबईच्या शेठांनी नाचगाण्याचा, सिनेमाचा चांगला माल पहिलेच उचलला असणार. मिशीवाला एक म्हातारा कोण घेतो? तो ढिगाच्या बुडालाच पडला असेल.

"बुधाजी, मले सारी वाहिनी नाही पायजे. सातची एक मालिका दे म्हनतो. नाही तं नुसते आबासाहेब."

"येडा झाला का बे? टीव्हीतला मानूस सुटा भेटत असते का?"

"वांगे सुटे भेटतात, मंग मानूस काहून नाही?"

दुसऱ्या दिवशी पुंजाजीनं पांढरं धोतर नेसलं, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि एसटीनं अमरावती गाठली. राजापेठेत शिकवणीच्या पोरापोरींच्या गाड्यांतून वाट काढत तो जीवनच्या दुकानात शिरला. छत्री बसवून दिली होती ती याच जीवननं, म्हणजे पुंजाजीच्या हिशेबी तो झुंबरचा आडत्याच.

"जीवनभाऊ, हर्रास संपला का उरला काही माल?"

"कायचा माल, बाबाजी?"

पुंजाजीनं इकडंतिकडं पाहिलं. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. त्यांच्यापुढे भाव फुटू नये म्हणून त्यानं बैलबाजारातल्या रीतीप्रमाणे दुपट्टा पुढे ओढला, जीवनचा हात त्याच्याखाली घेतला आणि त्याची दोन बोटं दाबली. मग आणखी अर्धं बोट.

जीवन उडालाच. "बाबाजी, गुदगुल्या काहून करून राह्यले?"

"भाव सांगून राह्यलो! आबासाहेबाचा. पटत नसन तं तू दाब."

गिऱ्हाईकं पोट धरून हसली. जीवन मात्र हसला नाही. त्यानं पुंजाजीला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि नीट समजावून सांगितलं. कंपनीवर कर्जाचा डोंगर झाला, प्रकरण कोर्टात गेलं, विक्री झाली. नव्या मालकानं वाहिनी फुकटातून काढली.

"मंग पैसे भरून भेटन?"

"वाहिनी भेटन. पन तिच्यावर आता दिवसभर नुसत्या जाहिराती हायत, भांडेकुंडे विकाच्या. मालिका बंदच केली त्यानं, मधातच. नटबी आपापल्या घरी गेले."

"शेवट न करताच?"

"शेवट न करताच."

पुंजाजीनं दुपट्टा खांद्यावर परत टाकला. बशीतला चहा तसाच राहिला. अर्ध्या वावरात नांगर सोडून निघून जाणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता असं नाही, पण मुंबईचे एवढे शिकलेसवरलेले लोक असं करतील हे त्याला खरं वाटेना.

"त्या आबासाहेबाचं घर कुठं आहे मंग? मी जाऊन भेटतो."

"बाबाजी," जीवन हळूच म्हणाला, "घरी नेमकं झालं काय?"

"काही नाही गा. घरी लय शांतता झाली."

परतीच्या एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काही दिसलं नाही. बुढीला जाऊन काय सांगावं? मालिका मेली म्हणून सांगावं, तर ते सांगायचं कोणाच्या तोंडानं? भातकुलीचा थांबा येईतो त्यानं मनाशी एक बनाव रचला. जन्मभर मंडीत कोवळा माल वर आणि जून माल खाली लावणाऱ्या माणसाला एवढं जमायचंच.

सात वाजले. पुंजाजीनं टीव्ही लावला. निळा पडदा आला. सुंदराबाई उंबऱ्याशी शेवंतीच्या वेण्या करत बसली होती. पुंजाजी घसा खाकरून पडद्याला म्हणाला, "काकीसाहेब, जीवनच्या दुकानात मालिकेचा शेवटचा भाग दाखवला मले. त्याच्या कम्पुटरवर."

सुई थांबली.

"चोरीचा आळ गेला बरं तुमच्यावरचा. दागिने धाकटीच्या पेटीत निंघाले. मंग आबासाहेब झोपाळ्यावरून उठले. एवढ्या दिवसात पहिल्यांदा उठले. काकीसाहेबापाशी गेले अन् म्हने, बाई, मायं चुकलं. मी भर पंगतीत असं बोलाले नव्हतं पायजे."

सुंदराबाईनं मान वर केली.

"म्हने, वांग्याची भाजी खारट नव्हतीच. मीठ बरोबर होतं. मायीच जीभ सैल."

मग सुंदराबाई बोलली. पडद्याशी नाही. सुईचं टोक सरळ पुंजाजीवर रोखून बोलली.

"देशमुखाच्या घरी वांग्याची भाजी कधी शिजली वो? दीड वर्ष पाह्यलं मी, त्या बुढ्यानं दुधाशिवाय काही तोंडी नाही लावलं!"

पुंजाजीनं नजर पडद्यावरून खाली घेतली.

"अन् मीठ बरोबर होतं म्हनते! खारटच झाल्ती भाजी. चांगली खारट. माधवी जानार म्हनून डोये भरून आल्ते, दोनदा मूठ पडली. मले का समजत नाही?" तिचा आवाज चढला. "पन व्याह्यापुढं सांगाची काय गरज होती? तुमच्या जिभीले हाड नाही, ते नाहीच!"

आत रागिणीच्या हातातली परात खाली पडली. बाहेर पुंजाजीला आपल्या अंगावरचं ओझं एकाएकी उतरल्यागत झालं. दीड वर्षात पहिल्यांदा त्याला कोणी तोंडावर शिव्या देत होतं.

"चुकलं," तो म्हणाला. "मायं चुकलं."

"हे आबासाहेब म्हनते का तुमी?"

"मी."

"मंग तो डबा बंद करा. लाईट जळून राह्यली फुकट."

त्यानं टीव्ही बंद केला. त्यानंतर रोज सातला दोघं त्या बंद टीव्हीसमोरच बसत, सवयीनं, आणि भांडत. दाढेवरून, म्हशीवरून, व्याह्यांवरून. शेजारणी विचारत, तुमच्या घरी कोणती मालिका लागते वो, एवढी भांडणाची? गावात पुन्हा कार्यं झाली, पुन्हा मिठाला बोलावणी आली. पंगतीत पुंजाजी पहिला घास खाऊन मोठ्यानं म्हणायचा, "बरोबर आहे!" मग भाजी कशीही असो.

सुंदराबाई दोन हजार पंचवीस साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी वारली.