दोन्ही हात वर

अख्ख्या वस्तीचे तुंबलेले पाइप मोकळे करणाऱ्या प्लंबरची स्वतःचीच अन्ननळी वर्षानुवर्षं तुंबलेली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. अन्ननळीच्या तळाचा स्नायू घास आला की सैल पडायला हवा, तर याचा घट्ट मिटूनच बसायचा. घास छातीत अडकायचा. मग ताटावरून उठायचं, दोन्ही हात वर करायचे, श्वास रोखून टाचा उचलून आपटायच्या, वर घोटभर पाणी. कधी घास उतरायचा, कधी तोंडावाटे परत यायचा.

चारचौघांत असलं ध्यान कोण दाखवणार? "जेवून आलोय" हे त्याचं ठरलेलं उत्तर, अगदी थोरल्या बहिणीकडेसुद्धा. तो ताकास तूर लागू देईना, तेव्हा ताईने आपल्या मनानेच कारण शोधलं. भावजयच नाकाने कांदे सोलते, तीच भावाला इथे जेवू देत नाही. झालं, ताई तिला पाण्यात पाहू लागली. आणि बायकोने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला, पण नवऱ्याचं गुपित फोडलं नाही. घरी मात्र तो हात वर करून उभा राहिला की तीही समोर उभी राहायची, तशीच हात वर करून, टाचा आपटत. "एकट्याने केलं की वेडं दिसतं," म्हणायची. दोघं हसायची आणि हसता हसता घास उतरायचा.

मग तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. एकट्याने टाचा आपटायला त्याला जमेना. तो वाळत गेला, हातात पाना धरवेना, तेव्हा कुठे दवाखान्याची पायरी चढला. सर्जनबाईंनी पोटाला बारीक भोकं पाडून दुर्बिणीने तो हट्टी स्नायू उभा कापला. "तुमच्या भाषेत सांगायचं तर व्हॉल्व्ह जाम झाला होता," त्या म्हणाल्या. "आता खुशाल चारचौघांत बसून जेवा." ही बातमी ऐकायला बाहेरच्या बाकावर त्याचं कुणीच नव्हतं. ताईलाही त्याने मागाहून फोनवर 'पोटाचं ऑपरेशन झालं' एवढंच कळवलं.

आधी पातळ, मग मऊ, असं करत सगळं खायची मुभा मिळाली, तसा तो ताईकडे गेला आणि दारातच म्हणाला, "ताई, आज जेवणार आहे."

ताईची धांदल उडाली. भात झाला, रस्सा झाला, अंडी उकडली. पहिला घास सरळ उतरला. दुसराही. आणि त्याला भयंकर एकटं वाटलं, कारण या घासाची किंमत कळणारं माणूस त्या टेबलाशी नव्हतं.

"पोटाचं ऑपरेशन मानवलं म्हणायचं तुला," ताई वाढता वाढता म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नकोस, पण ती होती तोवर माझ्या घरचा घास तुझ्या नशिबी नव्हता."

गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. जगात माया करणारी ताईच तेवढी उरली होती, तिला दुखवायची त्याला भीती वाटली. पण वडाची साल पिंपळाला लावून किती दिवस काढायचे? तो उठला, दोन्ही हात वर केले आणि टाचा आपटल्या.

"अरे, काय होतंय तुला?"

"मी असा जेवायचो, ताई. घास अडकायचा माझा. लाज वाटायची, म्हणून तुझ्याकडे बसत नव्हतो. तिने कधीच अडवलं नाही. उलट म्हणायची, ताईंना सांगून टाका. मीच तिला शपथ घातली होती."

"आणि मी तिला... तोंडावर काय काय बोलले रे मी."

"माहितेय. मी शेजारीच उभा होतो."

ताई मटकन खुर्चीत बसली. "मग आता मी माफी कुणाची मागू?"

हात खाली करून तो बसला. ताईने डोळे पुसले, पण पुन्हा वाढलं नाही, की "घे" असंही म्हटलं नाही. ताटातला भात त्याने मान खाली घालून संपवला. एकही घास अडकला नाही.