खुर्ची नाकारली, फुले पाठवली

मित्रांनो, मी एक जुना पियानो. माझे सूर कधीच उतरले, राग मात्र अजून उतरलेला नाही.

एका म्हाताऱ्या जर्मन कारागिराने दोन वर्षे लाकूड वाळवून मला घडवले. त्याला काय ठाऊक, मी कुणाच्या हाती पडणार! दारूबंदीच्या काळात हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत डेस्मंड किओ नावाच्या एका गोऱ्याने मला आपल्या क्लबासाठी विकत घेतले. तिथे दारू चहाच्या कपांतून दिली जाई आणि पोलीस लाचेचे पाकीट घेऊन गुपचूप निघून जात. किओ गुंडांचा म्होरक्या. तरी वर्तमानपत्रांत तो 'दिलदार मालक', कारण कुणी मेले की तो मोटार भरून फुले पाठवी. कित्येकदा त्या माणसाला मारलेलेही त्यानेच असे.

ल्युशस टॉलिव्हर मला वाजवायचा. तशी बोटे मला पुन्हा लाभली नाहीत. क्लबाचा नियम एकच होता: वाजवणारे काळे, ऐकणारे गोरे. ल्युशसची आई ओडेसा लोकांचे कपडे धुऊन त्याच्या पियानोच्या शिकवणीचे पैसे भरत आली होती. ती आजारी पडली, डॉक्टरांनी आशा सोडली. तेव्हा एका दुपारी तालमीनंतर ल्युशस मालकापुढे उभा राहिला.

"साहेब, आईला एकदा मला ऐकू द्या. मागच्या कोपऱ्यात एक खुर्ची पुरे."

"आज तुझी आई, उद्या त्या ढोलवाल्याची मावशी! गिऱ्हाईक पळेल माझं. स्वयंपाकघरात उभी राहू दे."

"तिला उभं राहवत नाही, साहेब."

"मग तुमच्या चर्चमध्ये वाजवून दाखव की!"

"क्लबातलं हे संगीत तिथे चालत नाही."

किओ खो खो हसला. अशा माणसाच्या मालकीचा असल्याची मला किळस आली.

अकरा दिवसांनी ओडेसाबाई गेल्या. मुलाचे हे वादन त्यांनी कधीच ऐकले नाही. दफनाच्या दुसऱ्या दिवशी किओ वर्तमानपत्र नाचवत आला.

"बघ, फोटोसकट छापलंय! सगळ्यांत मोठं पुष्पचक्र माझं. राणीसारखी गेली तुझी आई!"

ल्युशसने माझे झाकण हळूच मिटले. "आता तुम्हीच बसा वाजवायला," तो म्हणाला. किओला असे बोलून माणसे जिवंत राहत नसत, हे त्याला माहीत होते. तरी तो गिऱ्हाइकांसाठीच्या पुढच्या दाराने, ताठ मानेने, निघून गेला.

मित्रांनो, माझी धूळ नका पुसू, माझे सूरही नका लावू. तुमच्या दारी कुणाची आई आली, तर तिला आधी बसायला द्या. फुले काय, नंतरही मिळतात.